बहात्तर तास कुठून मोजायचे?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून)

डॉक्टर, माझे मिस्टर ५४ वर्षांचे आहेत. गेल्या बुधवारी सकाळी साडेसातला अंगणात गाडी पुसताना कोसळले. शेजारचा मुलगा भरतीची तयारी करतो, त्याला छाती दाबायचं शिकवलेलं होतं, त्याने लगेच सुरू केलं. दवाखान्यात दोन शॉक दिले आणि आठच्या सुमारास हृदय सुरू झालं. अँजिओप्लास्टी झाली. मग २४ तास अंग ३३ डिग्रीवर थंड ठेवलं. शुक्रवारी पहाटेपर्यंत हळूहळू पुन्हा गरम केलं. झोपेचं औषध शनिवारी संध्याकाळी बंद केलं. आज सोमवार, अजून डोळे उघडत नाहीत. चिमटा काढला की हात छातीकडे वळतात, एवढंच. टॉर्च मारला की बाहुल्या बारीक होतात. नर्सताई नळीतून कफ काढतात तेव्हा खोकतात. शुक्रवारी चेहरा आणि खांदे थडथडत होते, औषध दिल्यावर ते कमी झालं. किडनीचा रिपोर्ट वाढलाय. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, थांबा. काल रात्रपाळीचे डॉक्टर म्हणाले, ‘७२ तास कधीच उलटले, आता मेंदूकडून फार अपेक्षा ठेवू नका.’ मोठे दीर म्हणतात, ब्रेन डेड झालाय, घरी नेऊ, हाल नकोत. जाऊबाई म्हणतात, बर्फासारखं गार केलं म्हणूनच असं झालं. मुलगा कॅनडात आहे, त्याला बोलावू का? मी थांबू की सोडून देऊ?

– एक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो. तेव्हा घाईत जे राहून गेलं ते तुमच्या परवानगीने इथे सविस्तर लिहिते. आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेल्या कितीतरी जणांच्या कानावर हाच ७२ चा आकडा पडतो, आणि तो नेमका कशाचा हे त्यांना कोणी समजावून सांगत नाही.

आधी दिरांच्या शब्दाबद्दल. तुमचे मिस्टर ब्रेन डेड नाहीत. आपल्याकडे बेशुद्ध माणसाला सर्रास ब्रेन डेड म्हटलं जातं, पण ती अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याने बांधलेली अवस्था आहे. चार डॉक्टरांची समिती, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, आणि व्हेंटिलेटर काढून स्वतःचा श्वास अजिबात येत नाही याची खात्री, एवढं सगळं झाल्यावरच तो शब्द वापरता येतो. अशा माणसाच्या बाहुल्या उजेडाला हलत नाहीत, तो खोकत नाही. तुमच्या मिस्टरांच्या बाहुल्या बारीक होतात, ते खोकतात, चिमट्याला हात हलवतात. ते कोमात आहेत. कोमा आणि ब्रेन डेथ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दिरांना हे माझ्या नावाने सांगा. त्यांचा हेतू वाईट नाही, भावाचे हाल त्यांना बघवत नाहीत.

आता बहात्तर तासांकडे येते.

हृदय थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण शरीराचा जवळपास पाचवा हिस्सा प्राणवायू एकटा वापरतो, त्यामुळे चार-पाच मिनिटांतच त्याला इजा व्हायला लागते. बऱ्याच जणांना वाटतं की जे व्हायचं ते त्या मिनिटांत होऊन गेलं. तसं नसतं. रक्त पुन्हा वाहू लागल्यावरही पुढचे काही दिवस आत पडझड चालू राहते. आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पससारख्या नाजूक भागातल्या पेशी तर दोन-तीन दिवसांनंतरही मरताना दिसतात. त्यामुळे पहिल्या दिवशी केलेल्या तपासणीवर कोणी भविष्य सांगू नये. तीन दिवसांचा नियम आला तो इथून. १९८५ साली अमेरिकेत अशा कोमातल्या २१० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहुल्या, डोळ्यांची हालचाल, दुखवल्यावर मिळणारा प्रतिसाद यांवरून कोणत्या दिवशी काय सांगता येतं याचे ठोकताळे त्यात मांडले होते. पुढची वीसेक वर्षं जगभरच्या डॉक्टरांनी त्याच वाटेने अंदाज बांधले. २००६ साली अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने काढलेल्या सूचनाही मुख्यतः थंड न केलेल्या रुग्णांच्या अनुभवावरच उभ्या होत्या.

आणि मधल्या काळात उपचार बदलला होता. २००२ साली एकाच वेळी दोन अभ्यास आले, एक युरोपातला, एक ऑस्ट्रेलियातला. हृदय पुन्हा सुरू झाल्यावर बेशुद्ध राहिलेल्या रुग्णांना ३२ ते ३४ अंशांवर ठेवलं तर जास्त जण स्वतःच्या पायावर घरी जातात, असं दोन्हींत दिसलं. युरोपातल्या अभ्यासात थंड केलेल्यांपैकी ५५ टक्के बरे झाले, न केलेल्यांपैकी ३९ टक्के. तिथून थंड करण्याची पद्धत जगभर पसरली. जाऊबाईंना सांगा, तापमान एका अंशाने उतरलं की मेंदूची प्राणवायूची गरज सहा-सात टक्क्यांनी कमी होते. म्हणजे इजा झालेल्या मेंदूवरचा भार हलका करायचा, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे २०१३ मध्ये ३३ आणि ३६ अंशांची तुलना झाली, फरक दिसला नाही. २०२१ मध्ये १९०० रुग्णांच्या अभ्यासात ३३ अंशांवर ठेवणं आणि नुसता ताप येऊ न देणं यांची तुलना झाली, तिथेही फरक दिसला नाही. म्हणून आता कित्येक ठिकाणी फक्त ताप रोखतात, काही ठिकाणी अजून थंड करतात. यावर तज्ज्ञांचे वाद चालू आहेत आणि चालू राहतील. पण या अभ्यासांमध्ये थंड केल्याने माणूस कोमात गेला असं कुठेही दिसलेलं नाही. तुमच्या डॉक्टरांनी केलं ते मान्यताप्राप्त उपचारातलंच होतं. घरात या मुद्द्यावरून कोणाला दोष देत बसू नका.

थंड करण्याचा खरा परिणाम दुसरीकडे होतो, अंदाज बांधण्यावर. माणूस ३३ अंशांवर असताना कुडकुडतो, कुडकुडला की तापमान वर जातं, म्हणून त्याला गाढ झोपेचं औषध द्यावं लागतं. पुष्कळदा स्नायू शिथिल करणारं औषधही. बहुधा मिडाझोलम, फेंटानिल अशी नावं तुमच्या केसपेपरवर सापडतील. ही औषधं यकृत मोडतं. थंड शरीरात यकृताचं हे काम मंदावतं, हृदय थांबलं तेव्हा यकृताला आणि किडनीला बसलेला फटका वेगळाच. मिडाझोलम मोडून जो पदार्थ तयार होतो तोही झोप आणतो आणि तो किडनीवाटे बाहेर पडतो. तुमच्या मिस्टरांचा किडनीचा रिपोर्ट वाढलेला आहे. म्हणजे सलाईनमधून औषध शनिवारी संध्याकाळी बंद झालं, तरी ते अंगातून कधी गेलं हे घड्याळ पाहून सांगता येत नाही. शुक्रवारी थडथड थांबवायला जे दिलं त्यातलीही बरीच औषधं झोप आणणारी असतात. दाराची कडी वाजवून आतून उत्तर आलं नाही म्हणून घर रिकामं आहे असं कोणी म्हणत नाही. आतला माणूस झोपेच्या गोळीवर असू शकतो.

आता मोजू या. युरोपातल्या सूचनांप्रमाणे ७२ तास हृदय पुन्हा सुरू झाल्यापासून धरतात, पण त्याला एक अट आहे: झोपेच्या औषधांचा अंमल उतरलेला असला पाहिजे. तुमच्या बाबतीत ते ७२ तास शनिवारी सकाळी आठला भरले. तेव्हा औषध चालूच होतं. म्हणजे त्या दिवशीच्या तपासणीला अर्थ नाही. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे, थंड केलेल्या रुग्णाचे ७२ तास शरीर पूर्ववत गरम झाल्यानंतर मोजायचे. ते सोमवारी पहाटे भरले, आणि दोन्हीकडे हा कमीत कमी काळ आहे. बहात्तराव्या तासाला निकाल लागतो असं कुणीच म्हणत नाही, त्याआधी लावू नका असं म्हणतात. रविवारी रात्री ‘कधीच उलटले’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनी बहुधा बुधवार सकाळपासून सरळ मोजलं. हे फार ठिकाणी होतं, पण म्हणून ते चालवून घ्यावं असं मला वाटत नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीत सुरुवात कुठून धरली हे नातेवाइकांना सांगितलंच पाहिजे.

या विषयात मी एवढी हट्टी का, हेही सांगते. दुसऱ्या कोणत्याही आजारात अंदाज चुकला तर पुढच्या दिवशी दुरुस्त करता येतो. इथे ‘हे उठणार नाहीत’ म्हटलं, उपचार थांबवले, रुग्ण गेला, की अंदाज खरा ठरल्यासारखा दिसतो. तो चुकला होता का, हे कधी कळतच नाही. आणि त्या मृत्यूची नोंद पुढच्या आकडेवारीत जाऊन त्याच लक्षणाला आणखी वाईट ठरवते. उत्तर अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून २०१६ साली एका अभ्यासात हिशोब मांडला गेला. मेंदूच्या अंदाजावरून पहिल्या ७२ तासांत उपचार थांबवल्यामुळे एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे २३०० माणसं जात असावीत, आणि त्यातली सुमारे १५०० बऱ्यापैकी सावरली असती, असा तो अंदाज होता. आपल्याकडे हेच वेगळ्या रूपात होतं. चौथ्या दिवशी बिलाचा आकडा येतो, कोणीतरी मान हलवतं, आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ या कागदावर सही होते. कुठल्याच आकडेवारीत ती माणसं येत नाहीत.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांकडे आता एकेक करून पाहू.

चिमट्याला हात छातीकडे वळतात. याला आम्ही विकृत आकुंचन म्हणतो. हात ताठ होऊन बाहेर वळण्यापेक्षा हे बरं, हात झटकन बाजूला काढून घेण्यापेक्षा वाईट. थंड न केलेल्या रुग्णांत हाताचा प्रतिसाद पुष्कळ काही सांगायचा. थंड केलेल्या रुग्णांत मात्र त्याच्यावर सगळ्यात कमी भरवसा ठेवता येतो, कारण झोपेचं औषध पहिल्यांदा तोच मारतं. युरोपातल्या २०२१ च्या सूचनांमध्ये हाताचा प्रतिसाद क्षीण असणं ही फक्त पुढच्या तपासण्या सुरू करायची पायरी आहे, निकाल नाही.

बाहुल्या उजेडाला बारीक होतात. हे ऐकून मला बरं वाटलं. तीन दिवसांनंतरही दोन्ही बाहुल्या अजिबात न हलणं आणि बुबुळाला कापूस लावल्यावर डोळा न मिटणं, ही जोडी फार वाईट. तुमच्याकडे निदान त्यातली एक नाही. पण जपून बोलते: बाहुल्या हलतात याचा अर्थ मेंदूचा खालचा भाग जिवंत आहे. विचार, भाषा, ओळख हे सगळं वरच्या थरात असतं आणि प्राणवायू कमी पडल्यावर तो थर आधी दगावतो. त्याची खबर बाहुल्या देत नाहीत.

थडथड. याबद्दल तुम्ही फोनवर सगळ्यात घाबरून विचारलंत. चेहरा-खांद्यांची अशी थडथड पहिल्या दिवशी सुरू होऊन अर्धा तासाहून जास्त सलग चालली तर पूर्वी तिला जवळजवळ शेवटचं लक्षण समजायचे. आता तसं समजत नाहीत. १९६३ साली जेम्स लान्स आणि रेमंड अॅडम्स या दोन डॉक्टरांनी असे रुग्ण वर्णन केले, जे शुद्धीवर आले होते, बोलत होते, पण हात पुढे केला की तो थडथडायचा. वरून दोन्ही प्रकार नवख्या डोळ्याला सारखेच दिसतात. फरक ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, काढून शोधावा लागतो. शिवाय मेंदूत आकडीचा विद्युतप्रवाह चालू असून बाहेर काहीच दिसत नाही असंही होतं, आणि ती आकडीही माणसाला बेशुद्ध ठेवू शकते. तुमच्या पत्रात ईईजीचा उल्लेख नाही. झाला नसेल तर आज तो मागा. सगळ्या तपासण्यांत माझा पहिला आग्रह याचा, कारण यातून उपचार करण्यासारखं काही सापडू शकतं. तो वाचताना मात्र औषधांचा अंमल लक्षात घ्यावा लागतो, जास्त झोपेच्या औषधानेही आलेख सपाट पडतो. उलट, पहिल्या २४ तासांत अखंड लहरी दिसल्या तर ते चांगलं लक्षण मानतात.

पुढची चाचणी सगळीकडे मिळत नाही, पण तुमच्या भागातल्या मोठ्या शहरांत मेंदूविकाराची केंद्रं आहेत तिथे चौकशी करण्यासारखी आहे. मनगटाच्या नसेला बारीक विद्युतठोका देतात आणि साधारण २० मिलिसेकंदांनी त्याची लहर मेंदूच्या वरच्या थरात उमटते का ते पाहतात. डॉक्टर तिला एसएसईपी म्हणतात, लहरीला एन-ट्वेंटी. थंडीचा आणि झोपेच्या औषधाचा हिच्यावर फारसा परिणाम होत नाही, म्हणून थंड केलेल्या रुग्णांत ती इतकी मोलाची. दोन्ही बाजूंनी लहर आलीच नाही, आणि चाचणी नीट झाली होती, मानेच्या मणक्याचा काही त्रास नव्हता, तर पुन्हा शुद्धीवर येण्याची शक्यता नगण्य असते. लहर आली तर? तर फक्त एवढंच की वाईट बातमी अजून नाही. लहर असूनही बरीच माणसं उठत नाहीत. या विषयातल्या बहुतेक तपासण्या अशाच एकतर्फी आहेत, वाईट ओळखण्यात तरबेज, चांगलं सांगण्यात कच्च्या.

रक्तातली एक तपासणी असते, एनएसई. चेतापेशी फुटल्या की ते रसायन रक्तात उतरतं. २००६ च्या सूचनांमध्ये हा आकडा ३३ च्या वर गेला की वाईट धरत. थंड केलेले रुग्ण त्याहून बराच जास्त आकडा असूनही उठले, तेव्हा २०२१ मध्ये युरोपने मर्यादा ६० वर नेली, तीही ४८ किंवा ७२ तासांच्या नमुन्याला. लाल पेशी फुटल्या तरी हा आकडा वाढतो, आणि नमुना काढतानाच पेशी फुटणं ही रोजची गोष्ट आहे. तर असा एकच कागद पुढे करून कोणी निकाल सांगितला तर ऐकून घ्या, पण मान डोलावू नका. एमआरआय करायचा तर दुसऱ्या ते सातव्या दिवसात केलेला सगळ्यात बोलका असतो, म्हणजे तुमच्याकडे अजून वेळ आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला एमआरआयपर्यंत नेणं सोपं नसतं. तिथले डॉक्टर रक्तदाब पाहून ते ठरवतील.

आता मुख्य सूत्र. युरोपच्या सूचना असं म्हणतात की तीन दिवसांनंतर, औषधांचा अंमल उतरल्यावर, हाताचा प्रतिसाद क्षीण असेल आणि त्यासोबत वेगवेगळ्या प्रकारची किमान दोन ठळक वाईट लक्षणं एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर सावरण्याची शक्यता फार कमी आहे असं म्हणावं. नसतील, किंवा लक्षणांचं आपसात पटत नसेल, तर थांबावं आणि पुन्हा तपासावं. तुमच्या मिस्टरांकडे आजच्या घडीला अशी दोन लक्षणं नाहीत. म्हणून माझं उत्तर: थांबा. हृदयाचे डॉक्टर बरोबर सांगत आहेत. ‘अजून सांगता येत नाही’ हे ऐकायला पळपुटं वाटतं, पण या आजारात कित्येक दिवस तेच सगळ्यात प्रामाणिक उत्तर असतं. हृदय कोणासमोर तरी थांबलं, छाती लगेच दाबली गेली, शॉकने सुरू झालं, या तिन्ही गोष्टी त्यांच्या बाजूच्या आहेत. त्या शेजारच्या मुलाला हे जरूर सांगा.

थांबा म्हणजे उठतीलच, असं मी म्हणत नाही. खोटी आशा दिली तर तुमच्यावर अन्याय होईल. २०२१ च्या त्या मोठ्या अभ्यासात, उत्तम रुग्णालयांत, सहा महिन्यांनी निम्मे रुग्ण हयात नव्हते. जे जागे होतात ते बहुतेक पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात होतात, काहींना त्याहून जास्त लागतं, विशेषतः किडनी बिघडलेल्यांना आणि ज्यांना औषधं जास्त लागली त्यांना. आणि जागं होणं सिनेमात दाखवतात तसं नसतं. आधी नुसते डोळे उघडतील. तेवढ्यावर घरात पेढे वाटू नका, कारण डोळे उघडे असूनही भान नसलेली अवस्था असते. नजर तुमच्या मागे फिरते का, ‘बोट दाबा’ म्हटल्यावर दाबतात का, ‘जीभ दाखवा’ म्हटल्यावर दाखवतात का, ते महत्त्वाचं. घरच्या माणसाच्या आवाजाला पहिला प्रतिसाद मिळाल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे, त्यामुळे भेटीच्या वेळी त्यांना नेहमीच्या हाकेने हाक मारा आणि एकच सोपी गोष्ट करायला सांगा, मग पुरेसा वेळ द्या. काही दिसलं तर दिवस आणि वेळ वहीत लिहा आणि नर्सताईंना तिथल्या तिथे दाखवा. शुद्धीवर आल्यावरही पहिले काही दिवस गोंधळ, बडबड, चिडचिड होते, आणि आठवण कच्ची राहणं, लवकर थकणं, मन उदास होणं हे महिनोन्‌महिने चालू शकतं. त्याची तयारी नंतर करू.

डॉक्टरांकडे काय मागायचं? रोज वेगवेगळ्या पाळीच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारत फिरू नका. प्रत्येक जण थोडं वेगळं सांगतो आणि रात्री तुम्ही ते सगळं मनात जोडत बसता. मुख्य डॉक्टर, हृदयाचे डॉक्टर आणि मेंदूविकारतज्ज्ञ एकत्र बसतील अशी एक बैठक मागा. त्यात विचारा की झोपेची आणि आकडीची औषधं नेमकी कधी, किती दिली आणि त्यांचा अंमल उतरला असं कशावरून धरता. सोडियम, साखर, ताप, जंतुसंसर्ग यांतलं काही शुद्ध येऊ देत नाही असं आहे का. ईईजीत काय दिसलं. कोणत्या तपासण्या बाकी आहेत आणि पुढची तपासणी कोणत्या दिवशी. आणि शेवटी, ‘यांच्या जागी तुमचा भाऊ असता तर’ असं विचारू नका. त्याने डॉक्टर अडचणीत येतात आणि उत्तर मिळत नाही. त्याऐवजी विचारा, ‘कोणत्या दिवशी काय दिसलं तर तुम्ही आम्हाला आशा सोडायला सांगाल?’ असं आधी ठरलेलं असलं की रोजच्या चढउताराने घर हलत नाही.

तो दिवस आला आणि सगळी लक्षणं खरंच एका दिशेला गेली, तर घरी चोरून नेण्यासारखं काही करावं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. रुग्णालयात तीन डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ बसतं, नंतर दुय्यम मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो. दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं, आणि कुटुंबाची संमती लागते. अनेक रुग्णालयांना ही प्रक्रिया ठाऊकच नसते, तुम्ही नाव घेऊन विचारा. दिरांना सांगा की हाल थांबवायची ही रीतसर वाट आहे. रुग्णवाहिकेत श्वासाचा फुगा हाताने दाबत घरापर्यंत नेण्यात उलट हालच आहेत. आणि शेवटपर्यंत वेदना होऊ नयेत म्हणून औषधं देता येतात, ती मागायचा तुम्हाला हक्क आहे.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण फोनवर आवाजात ते होतं. पैसे संपत आले म्हणून मेंदूचा निर्णय होऊ देऊ नका. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा आणि पैशाची अडचण उघड बोला. रुग्णालय धर्मादाय संस्थेचं असेल तर महाराष्ट्रात त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला आजच भेटा. तसं नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवता येईल का, हे तब्येत स्थिर झाली की विचारा. उपचार सोडून देणं आणि उपचारांची जागा बदलणं यांत फरक आहे.

राहिला मुलगा. बोलवा त्याला. बाबा जाणार म्हणून नाही. पुढच्या आठवड्यात जे काही ठरेल ते तुम्ही एकटीने ठरवू नये म्हणून. येताना परतीची तारीख मोकळी ठेवायला सांगा. तो पोचायच्या आत बैठक ठरली तर त्याला व्हिडिओ कॉलवर बसवा आणि दिरांनाही सोबत घ्या. तिघांनी एकाच वेळी, एकाच तोंडून ऐकलेलं बरं. ईईजीचा रिपोर्ट आला की मला पाठवा.